गच्चीवरची कळशी

“काकू, दोन हजार अकरा साली काय झालं होतं?” संघमित्राने विचारलं, आणि तिच्यापुढे धरलेला कोकम सरबताचा पेला मी तसाच धरून राहिले. प्रश्न साधा होता. तिने तो सहज विचारला होता, लॅपटॉपवरची नजर न काढता, पलंगावर मांडी घालून बसल्या बसल्या. पण माझ्या पोटात, बेंबीच्या खाली, जिथे गेली तेरा वर्षं काहीच होत नाही, तिथे कुणीतरी मूठ आवळली. पेला मी पाटावर ठेवला. सांडला नाही. शेजारच्या खोलीतल्या कुकरची शिट्टी झाली. “तसं काही नाही गं,” मी म्हटलं. “का?” माझा आवाज मुळातच बारीक. सासूबाई म्हणायच्या, हिला भिंतीपलीकडचं ऐकू येतं पण हिचं बोलणं उंबऱ्यापलीकडे जात नाही. संघमित्राला मात्र ऐकू आलं. तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

पडद्यावर सगळा आशिया खंड होता. वर बर्फाचा रशिया, खाली पाण्यात लोंबणारी श्रीलंका, आणि मध्ये सगळीकडे ठिपके, कुणी रांगोळीचे ठिपके घाईने काढावेत तसे, कुठे दाट, कुठे विरळ. एकेक ठिपका म्हणजे एकेक ठिकाण, जिथे कुणीतरी वर्षानुवर्षं रोज पाऊस मोजला आणि पारा वाचला. संघमित्रा ज्या संस्थेत काम करते तिथे अशा जुन्या नोंदी देशोदेशींहून गोळा करतात, जुळवतात, आणि पन्नास-साठ वर्षांत पावसाचं आणि उन्हाचं काय होत गेलं ते पाहतात. “लाल ठिपका म्हणजे गेल्या पंचवीस वर्षांत एका दिवसात कोसळणारा पाऊस वाढत चाललाय,” ती म्हणाली. “निळा म्हणजे कमी होतोय. आता हे बघा.” तिने मुंबई मोठी केली. लाल, लाल, लाल. आणि मध्येच एक निळा. भोईवाड्यातला. आमच्या गच्चीचा. “तुमचा एकटा उलटा चाललाय काकू,” ती हसून म्हणाली. “सगळी वरात दादरला निघालीय आणि तुम्ही भायखळ्याच्या बसमध्ये.” मलाही हसू आलं, म्हणजे ओठ हलले. मग तिने आमच्या ठिपक्याचा आलेख उघडला. त्रेसष्ट सालापासून बारक्या बारक्या काड्या. शहाण्णवच्या पुढे त्या काड्या एकदम उंच, दातेरी, जसे कुणी वेड्यासारखे सूळ रोवलेत. आणि दोन हजार अकराला सुरीने कापल्यासारख्या पुन्हा खाली. “शहाण्णवचं कळतं,” ती म्हणाली. “तुमचे सासरे गेले, मोजणारा हात बदलला. पण अकराला काय झालं? जागा बदलली? कळशी बदलली?”

कळशी तीच आहे. तांब्याची, मामंजींनी आणलेली. मामंजी, म्हणजे माझे सासरे दौलतराव, गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात होते. तिथे हवा कोरडी झाली की धागा तुटतो, म्हणून भिंतीवर दोन पारे लावलेले असत, एक कोरडा आणि एक ओल्या फडक्यात गुंडाळलेला, आणि दर तासाला ते वाचून तक्त्यात लिहिण्याचं काम मामंजींकडे होतं. तक्त्यातलं एक घर जरी रिकामं दिसलं तरी साहेब अर्धा दिवस कापत असे. ती सवय त्यांनी घरी आणली. गच्चीच्या कोपऱ्यात सिमेंटचा चौथरा, त्यावर कळशी, कळशीच्या तोंडात गिरणीतल्या लोहाराकडून करून घेतलेलं पाच इंची नरसाळं, आणि बाजूच्या भिंतीला सावलीत पारा. सकाळी साडेआठला कळशीतलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, आकडा लिहायचा, पारा वाचायचा, तोही लिहायचा. आणि मोजलेलं पाणी तुळशीला. तुळशीला जायचं म्हणून ते पाणी देवाचं. माझं लग्न झालं पंच्याऐंशी साली. तोवर गिरणी बंद पडून मामंजी घरीच होते, पण वही चालू होती. मी सून म्हणून आले तेव्हा या घरात देव्हारा होता, तुळस होती आणि ही वही होती, आणि तिघांना रोज नमस्कार करायची रीत होती. शहाण्णवच्या मार्गशीर्षात ते गेले. जायच्या आदल्या दिवशी मला जवळ बोलावून म्हणाले, “सूनबाई, घर रिकामं सोडू नको.” मी म्हटलं, नाही सोडणार. तेव्हापासून माझा नेम आहे: आंघोळ, तुळस, गच्ची, वही, मग लिखित जप, एकशे आठ वेळा रामाचं नाव, लाल शाईने, वर तारीख घालून, आणि मग चहा. अठ्ठावीस वर्षं. वसा घेतला तो टाकला नाही, असं मी मनात कितीदा म्हटलं असेल. अभिमान वाटू नये म्हणून लगेच कान पकडायची, पण म्हणायची.

आणि आता ते सूळ माझ्यापुढे होते, आणि प्रत्येक सूळ मला ओळखू येत होता. हे कसं सांगावं. एखाद्या अनोळखी घरात शिरावं आणि दोरीवर आपलंच लुगडं वाळत पडलेलं दिसावं, तसं. महिन्याचे ते चार दिवस मी कळशीला शिवत नसे. मामंजी होते तोवर प्रश्न नव्हता, रोज तेच मोजत. त्यानंतर कोण मोजणार? हे पहाटे पहिल्या पाळीला जात, आणि ह्यांना असल्या गोष्टींत कधी रस नव्हता. मग कळशी तशीच राही, चार दिवस पाऊस तिच्यात साठे, पाचव्या दिवशी न्हाऊन मी वर जाई आणि सगळं पाणी एकदम मोजत असे. घर रिकामं ठेवायचं नाही म्हणून मागच्या चार घरांत शून्य लिही. खोटं लिहितेय असं कधी वाटलं नाही. मी त्या दिवशी काही मोजलं नव्हतं, म्हणून शून्य. पाणी तर सगळं मोजलं, थेंबसुद्धा टाकला नाही. वर्षाची बेरीज बिनचूक. मला वाटे पाऊस म्हणजे बेरीज. एका दिवसाला स्वतःचं काही मोल असतं, तो दिवस कुठल्या दिवसाला चिकटवता येत नाही, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. दोन हजार अकरा साली, एकोणपन्नासाव्या वर्षी, माझं ते थांबलं. सूळ थांबले. या मुलीच्या पडद्यावर माझी पंधरा वर्षांची पाळी उभी होती, महिन्यामागून महिना, आणि तिला ती पाऊस वाटत होती.

“पारा मात्र शहाणा आहे तुमचा,” संघमित्रा म्हणाली. तिने दुसरा आलेख लावला. पारा लांबून वाचता येतो, त्याला शिवावं लागत नाही. त्या दिवसांतही मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी राहून वाचत असे. तोवर डोळे चांगले होते. ती रेघ साठ वर्षं हळूहळू वर चढत गेली होती, आमच्या चाळीचा जिना चढावा तशी, मध्ये मध्ये थांबून दम खात, पण चढतच. “ही तुमची मेमधली सकाळ,” ती म्हणाली. “साडेआठची. तुमच्या सासऱ्यांच्या पहिल्या दहा वर्षांची आणि तुमच्या शेवटच्या दहा वर्षांची.” तिने दोन आकडे दाखवले. मी ते सगळे स्वतः लिहिलेले, निदान अर्धे, आणि तरी मला धक्का बसला. रोज एक आकडा लिहिला होता, कालच्याहून थोडा वर, थोडा खाली, कधी तेवढाच. सगळे एकत्र कधी पाहिलेच नव्हते. पोराला रोज पाहणाऱ्या आईला त्याची उंची कळत नाही म्हणतात. मला पोर नाही, पण तसंच असेल. पंखा फिरत होता आणि त्याखाली बसून माझ्या पाठीतून घाम उतरत होता, आणि हा घाम साठ वर्षांपूर्वी याच खोलीत याच महिन्यात सासूबाईंच्या पाठीतून इतका उतरला नसेल, हे मला पहिल्यांदा आकड्यात दिसलं. म्हणजे आपण जे नुसतं सोसतो ते खरंच घडत असतं.

“वयनी,” दारातून कांता डोकावली. शेजारची. हातात ओल्या कपड्यांची बादली. “पावसाचो भाव काय लागलो आज? माझ्या वाळवणाचं पण बघ म्हणावं जरा त्या कॉम्प्युटरात.” संघमित्रा म्हणाली, “मावशी, तुमच्या पापडांसाठी वेगळं सॅटेलाइट सोडतोय.” कांता हसत हसत जिना चढली. एरवी मीही काहीतरी बोलले असते. माझी नजर दाराबाहेर गेली होती, गॅलरीतल्या कोनाड्याकडे. आता तिथे कांताने झाडू ठेवलाय. मी नवी नवरी होते तेव्हा तिथे एक कप असे. पांढरा, कानाचा टवका उडालेला. शामराव म्हणून एक गृहस्थ कधीमधी मामंजींना भेटायला येत, त्याच गिरणीतले, सूत कातायच्या रिंगखात्यातले. साचेखात्यात त्यांच्या लोकांना घेत नसत, कारण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि एकाचं तोंड लागलेला धोटा दुसऱ्याला चालत नसे. मामंजी आणि शामराव गॅलरीत तासन्‌तास पावसावर बोलत. सासूबाई त्यांना चहा त्या कपातून देत, आणि शामराव तो पिऊन स्वतः विसळून पुन्हा कोनाड्यात ठेवत, काही न बोलता, जणू ती त्यांचीच शिस्त होती. आणि महिन्याचे चार दिवस मी गॅलरीत बसे तेव्हा माझाही चहा त्याच कपातून येई. पहिल्यांदा तो कप माझ्या हातात आला तेव्हा मी त्याच्याकडे किती वेळ पाहत होते. मग प्याले. मीही विसळून ठेवला. संघमित्रा ही शामरावांची नात. फेब्रुवारीत पहिल्यांदा आली तेव्हा दारातच म्हणाली होती, “आजोबा सांगायचे, भोईवाड्यात एक भाऊ आहेत, पाऊस मोजतात, गिरणीपेक्षा पक्का हिशेब.” साठेक वह्यांचे तिने दोन दिवस बसून फोटो काढले. दोन्ही दिवस आमच्याच भांड्यांत जेवली. मला तेव्हा वाटलं होतं, चला, फिटलं.

“मग काय करू काकू?” ती विचारत होती. “उद्या आमची यादी बंद होते. ज्या ठिकाणी अशी एकदम उडी आहे आणि कारण माहीत नाही, ते ठिकाण पूर्ण गाळतात.” मी विचारलं, “पूर्ण म्हणजे?” ती म्हणाली, “त्रेसष्टपासून सगळं.” म्हणजे मामंजींच्या तेहतीस वर्षांच्या वह्या. ती लगेच म्हणाली, “म्हणून तर आले ना. तुम्ही एवढंच सांगा की अकरामध्ये कळशी बदलली. किंवा नरसाळं. गळत होतं, नवं बसवलं, काहीही. एक ओळ लिहून सही करा. मग मशीन ते सरळ करून घेतं. अकराच्या आधीचं सगळं थोडं खाली आणतं, झालं.” तिने माझ्यापुढे कागद ठेवला, पेन ठेवलं. तिला वाटत होतं, तसंच काहीतरी झालं असणार आणि म्हाताऱ्या काकूंना आठवत नाहीये. मी पेन हातात घेतलं. किती सोपं होतं ते. नरसाळं बदललं. दोन शब्द. कुणाला काही कळणार नव्हतं, कुणाचं काही जाणार नव्हतं. “सगळं म्हणजे मामंजींचंही खाली येईल?” मी विचारलं. “हो, थोडं. त्याला काय होतंय.”

थोडं. मला मामंजी दिसले, छत्री न घेता, गच्चीवर, काचेचं माप डोळ्यांच्या रेषेत धरून, पाण्याची कड वर चढलेली असते तिथे नाही, मध्ये खोलगट असतं तिथे वाचायचं, सूनबाई, म्हणणारे. एका रेघेसाठी पुन्हा ओतून पुन्हा मोजणारे. त्यांनी खरा मोजलेला एकेक दिवस मी माझ्या लाजेसाठी खाली आणणार होते. आणि एकट्या त्यांचाच नाही. संघमित्राने फेब्रुवारीत सांगितलं होतं, एका दिवसात जास्तीत जास्त किती पडू शकतो त्यावरून नाला किती रुंद बांधायचा ते ठरतं. हिंदमाताला कमरेइतक्या पाण्यातून मी स्वतः चालत आलेय, चपला हातात घेऊन, सोमवारच्या उपाशी पोटी. त्या पाण्याचा आकडा कुठूनतरी यायचा असतो. मला वाटायचं तो वरून येतो. मोठ्या लोकांकडून. तो माझ्या हातून गेला असेल हे डोक्यात मावत नव्हतं. एवढा मोठा खंड, आणि त्याच्यात माझ्या विटाळाचा ठिपका. हसण्यासारखं होतं ते. हसू येत नव्हतं. पेनाचं टोपण मी काढलं, लावलं, पुन्हा काढलं. रामाचं नाव लिहिणाऱ्या हाताने ती ओळ लिहिणं होईना. पण खरं सांगायचं तर ते कुणाला सांगायचं? हिला? शामरावांच्या नातीला सांगायचं की मी शिवत नव्हते म्हणून? विटाळ हा शब्द तिच्यापुढे तोंडातून काढायचा? तो शब्द त्यांच्या घरावरून किती पिढ्या कसा फिरला असेल. मी तो माझ्यावर घेतला होता, देवाचा म्हणून, प्रेमाने. तिच्या आजोबांनी घेतला नव्हता. त्यांना दिला होता. आणि कप मात्र एकच.

“कळशी बदलली नाही,” मी म्हटलं. “मी बदलले.” ती माझ्याकडे पाहू लागली. मग मी सांगितलं. खाली फरशीकडे बघत, एका दमात, जसं आम्ही शाळेत पाढे म्हणायचो. चार दिवस, पाचवा दिवस, चार शून्यं, एक मोठा आकडा, आणि अकरा साली थांबलं. विटाळ हा शब्दही म्हटला, टाळला नाही. सांगून झालं. गच्चीवर कांता कपडे झटकत होती, ते फटाक् फटाक् ऐकू येत होतं. मला वाटलं ती उठून जाईल. किंवा काहीतरी शिकवण देईल, आणि ती ऐकायची मी तयारी केली होती, मान खाली घालून. ती म्हणाली, “पंधरा वर्षं?” मी म्हटलं, “पंधरा.” ती म्हणाली, “आमच्या ऑफिसात पाच जण तीन महिने या ग्राफला बसलेत, काकू. एकाने तर समुद्राच्या वाऱ्याची थिअरी काढली. मोठी.” आणि ती हसायला लागली. मोठ्याने नाही. तोंडावर हात धरून, खांदे हलवत. मग तिचं हसणं थांबलं आणि ती बराच वेळ दाराबाहेर बघत राहिली. तिला कोनाडा माहीत होता की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. “आजोबांना हे आवडलं असतं,” ती म्हणाली. “म्हणाले असते, बघ, शेवटी पाण्यानेच पकडलं.” त्यात राग होता का? असेल. असायला हवा होता. पण पडद्याकडे वळताना तिचा आवाज कामाचा झाला. “बेरीज खरी आहे ना? पक्की?” “थेंबाची,” मी म्हटलं. “मग गाळायची गरज नाही. साठलेले दिवस कुठले ते कळलं तर त्यांच्यावर फक्त खूण करायची, की ही इतक्या दिवसांची बेरीज आहे. मग मशीन त्यांना एका दिवसाचा पाऊस समजत नाही. सासऱ्यांच्या आकड्यांना हातही लावावा लागत नाही. पण तारखा पाहिजेत. वहीत शून्यं तर कोरड्या दिवसांचीपण आहेत. तुमची कुठली, आभाळाची कुठली? पंधरा वर्षांच्या तारखा तुमच्याकडे कशा असणार.”

होत्या. मी उठले, पलंगाखालून पत्र्याची ट्रंक ओढली. जपाच्या वह्या. एक कोटी नावं पुरी झाली की गावच्या देवळात ठेवायच्या असा संकल्प होता. या चालीने माझ्याच्याने ते या जन्मी होणार नाही, हे मला माहीत होतं. प्रत्येक पानावर वर तारीख, खाली लाल अक्षरांत एकशे आठ नावं. आणि त्या चार दिवसांत जप नाही, म्हणून त्या तारखांची पानं नाहीत. मी वर्षांप्रमाणे गठ्ठे लावले. संघमित्रा पलंगावरून खाली उतरून बसली, आणि पहिल्या गठ्ठ्याकडे हात नेता नेता थांबली. “सांगून ठेवते काकू,” ती म्हणाली, अगदी सरळ, चेष्टा नाही, टोमणा नाही, “आज माझा दुसरा दिवस आहे. या वह्या मी उघडू, की तुम्ही उघडून मला तारखा सांगाल?” नाही म्हणायला एक क्षण पुरला असता, आणि ती काही बोलली नसती, याची मला खात्री आहे. ती लॅपटॉप घेऊन हातभर लांब सरकली असती आणि काम तेवढंच झालं असतं. देव्हाऱ्यात सकाळचं फूल अजून ताजं होतं. मी देवाकडे पाहिलं. देव काही बोलला नाही, बोलतच नाही. मी सत्त्याण्णवच्या वह्यांचा गठ्ठा उचलला आणि तिच्या मांडीत ठेवला. “तू वाच,” मी म्हटलं. “मला चष्म्यातून लाल शाई नीट दिसत नाही.” हे खरं नव्हतं. दिवसभरातलं तेवढं एकच.

ती वाचू लागली, मी पावसाची वही घेऊन खुणा करू लागले. जानेवारी, सोळा ते एकोणीस नाही. फेब्रुवारी, तेरा ते सोळा नाही. तिची बोटं भराभर पानं उलटत होती, आणि नावांवरून फिरत होती, आणि मला पहिल्यांदा जे वाटलं ते दुसऱ्या महिन्यापर्यंत वाटेनासं झालं. “मार्च, तेरा ते सोळा नाही,” ती म्हणाली. “एप्रिल… एप्रिलमध्ये सगळी पानं आहेत. मेमध्येपण. जूनमध्ये…” ती बोलता बोलता हळू झाली. मी मान वर केली नाही. पुढे काय येणार ते मला माहीत होतं, मलाच माहीत होतं, ह्यांनाही धड नाही. आज हे गावी कौलं शाकारायला गेलेत, इथे असते तरी त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं असतं. लग्नाला बारा वर्षं झाल्यावर मला दिवस राहिले होते. मामंजी गेल्यावर तीन महिन्यांनी, म्हणून मी कुणाला न सांगता ठरवून टाकलं होतं की तेच येतायत. एप्रिल, मे, जून मी एकही दिवस न चुकता गच्चीवर गेले, एका हाताने कठडा धरून. मेच्या त्या कोरड्या दिवसांतसुद्धा, शून्य मोजायला. एकदाही शून्य इतकं भरलेलं वाटलं नाही. आणि मग जुलै. पावसाचा जोर, टॅक्सी मिळेना, ह्यांनी मला हातगाडीवरून इस्पितळात नेलं, वर प्लास्टिक धरून. मी रिकामीच परत आले. सासूबाई त्याआधीच गेल्या होत्या. कांताने पेज करून दिली. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले आणि पत्र्यावर पाऊस ऐकला, आणि मला एवढंच कळत होतं की वर कळशी भरते आहे.

“तीन जुलैपासून नाही,” संघमित्रा म्हणाली. तिने पान उलटलं. मग पुन्हा मागे आली. तारीख पाहिली. “काकू, हे चार दिवस नाहीत.” “नाहीत,” मी म्हटलं. “तेवीसपर्यंत नाही. चोवीस जुलैला पुन्हा सुरू.” तिने एप्रिल पाहिला, मे पाहिला, जून पाहिला, मग वही मिटली, त्यावर तळहात ठेवला आणि तसाच राहू दिला. मला तिच्याविषयी जे काही वाटायचं होतं ते तेव्हा वाटलं. थोड्या वेळाने तिने लॅपटॉप ओढला आणि चोवीस जुलै शोधलं. “इथे त्रेसष्ट पूर्णांक आठ मिलिमीटर आहे,” ती म्हणाली. मी पावसाची वही तिच्यापुढे धरली. माझ्याच अक्षरात, थरथरत्या, लिहिलं होतं: सहाशे अडतीस. ती वहीकडे पाहत राहिली, मग तिचा चेहरा उतरला. “हे मी केलं,” ती म्हणाली. “एवढा आकडा एका दिवसात भोईवाड्याला कसा येईल. मला वाटलं तुमचा दशांश राहिला. म्हणून मी घातला.”

त्या दिवशी कळशी मला उचलवली नव्हती. टाके ओले होते, पायांत बळ नव्हतं. चौथऱ्याशीच बसून मी तांब्याने पाणी काढत गेले, माप भरत गेले, ओतत गेले, एक, दोन, तीन, माप भरायचं आणि पुन्हा भरायचं, पाण्यात पानं होती, एक मेलेली मुंगी होती, आणि मी मोजत होते, मोजायचं थांबले असते तर रडले असते. सगळं तुळशीला मावेना. उरलेलं मी गच्चीच्या मोरीत सोडलं. मग खाली येऊन लिहिलं. बावीस घरांत एकही रिकामं ठेवलं नाही. सत्तावीस वर्षं तो आकडा या वहीत बसून होता, कुणी न वाचलेला, आणि वाचला तेव्हा तो चूक वाटला. चूक वाटण्याएवढाच तो मोठा होता.

“दशांश काढ,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, उंबऱ्यापलीकडे गेला असावा, कारण बादली घेऊन उतरणारी कांता जिन्यात थबकली. “बावीस दिवसांचं पाणी आहे ते. सगळं माझ्या हाताने मोजलेलं. एका दिवसाचं म्हणू नको, पण कमीही करू नको.” संघमित्राने मान हलवली. एक कळ दाबली. त्रेसष्ट आणि आठच्या मधला ठिपका गेला, आणि आकडे एकमेकांना जाऊन चिकटले. शेजारच्या रकान्यात तिने बावीस लिहिलं, आणि पुढचं पान उघडायच्या आधी लॅपटॉप माझ्याकडे वळवून धरला, मी वाचेपर्यंत.